दुर्वा उठायच्या आत

"दुर्वा उठायच्या आत निकाल लावते की नाही बघा!"

शालूनं ओढणी कमरेला खोचली आणि जाहीर करून टाकलं. समोर ओसरीवर नवरा, सासरे, सासू आणि सकाळीच परतूरहून आलेला तिचा धाकटा भाऊ असे चौघं बसले होते. चौघांनीही आधी झोळीकडे बघितलं. झोळीत आठ महिन्यांची दुर्वा दोन्ही मुठी डोक्याशी घेऊन झोपली होती. झोळी हलत नव्हती. म्हणजे सुरुवात तर चांगली होती!

लग्नाआधी शालू परतूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. प्रयोग कसा करायचा, हे ती पोरांकडून घोकून घ्यायची. मग लग्न झालं, दुर्वा झाली, आणि तिच्या सगळ्या विज्ञानाचा उपयोग दूध कोमट झालंय का हे मनगटावर थेंब टाकून बघण्यापुरता उरला. त्यामुळे आज ती जरा जास्तच जोरात होती. किती दिवसांनी कुणीतरी तिला असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर 'लंगोट वाळलेत का' याच्या पलीकडचं होतं.

प्रश्न होता दोन वल्ह्यांचा. टेंभुर्णीच्या रस्त्याला यांचं शेत. मोसंबीची बाग, कडेला ज्वारी आणि मधोमध भलंमोठं शेततळं. गेल्या हिवाळ्यात शालूच्या नवऱ्यानं, रामेश्वरनं, शेतात हुरडा पार्टी सुरू केली. जालन्याची, संभाजीनगरची माणसं यायची, आगटीभोवती बसून हुरडा खायची, मोसंबीच्या झाडाला टेकून फोटो काढायची आणि मग विचारायची, "आता काय?"

या 'आता काय'नं रामेश्वरची झोप उडाली. खूप विचार करून त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या पर्यटन केंद्रातून एक जुनी कयाक उचलून आणली. एकट्यानं बसायची लांबट होडी, केशरी रंगाची, दोन्हीकडून निमुळती. सासूबाई, म्हणजे गोपिकाबाई, तिला पपई म्हणायच्या. "पपई सावलीत ठिव रे, उन्हानं पिकंल!"

कयाक आली, पण वल्हं आलं नाही. रामेश्वरनं ते मोबाईलवरून मागवलं. आज येईल, उद्या येईल करत पार्सल कुठंतरी वाटेत रमलं.

इकडे सासऱ्यांना, रायभान मामांना, राहवेना. मामांची सगळी उमर मेंढरांमागं गेली. गुडघे गेले तशी दोन वर्षांपूर्वी मेंढरं विकली, आणि तेव्हापासून हात रिकामे. मेंढरांमागं हिंडताना त्यांनी शेकड्यानं काठ्या तासल्या होत्या. त्यांनी लेकाच्या मोबाईलवर एकदा वल्ह्याचा व्हिडिओ बघितला, वाळलेली निंबाची फांदी काढली आणि वाकस घेऊन तासत बसले. दोन टोकांना दोन पाती, मध्ये दांडा. तासून झालं की काचेच्या तुकड्यानं घासायचे. घासून झालं की गालाला लावून बघायचे. शालू दुर्वाला घेऊन शेजारी बसायची. कितीतरी दिवसांनी मामा काम करता करता गुणगुणत होते.

वल्हं झालं त्याच दिवशी पार्सल आलं! काळा गुळगुळीत दांडा, पिवळीजर्द प्लास्टिकची पाती. रामेश्वर ते दोन्ही हातांनी फिरवत अंगणात लहान लेकरासारखा नाचत होता. मामा दारात आपलं वल्हं घेऊन उभे. रामेश्वरनं वळून बघितलं आणि हसत म्हणाला, "अरे वा बापू! मायला धुनं धुवायला धोपाटनं झालं!"

त्याच्या मनात काही नव्हतं. पण मामांनी वल्हं दाराच्या मागं उभं केलं, टोपी नीट केली आणि त्या दिवसापासून लेकाशी बोलणं बंद.

बंद म्हणजे काय, सरळ बोलणं बंद. शालूमार्फत सगळं चालू होतं.

"सूनबाई, त्याला म्हणावं, मोटर बंद कर."

"शालू, बापूला सांग, केली."

"सूनबाई, त्याला म्हणावं, कव्हा?"

हे दोघं एका ओसरीवर, एका चटईवर! मध्ये दुर्वाला पाजत बसलेली शालू. त्यातून एकाचा निरोप दुसऱ्यानं ऐकलेला असला, तरी तो शालूनं पुन्हा सांगेपर्यंत उत्तर द्यायचं नाही, असा शिरस्ता पडला होता. रात्री डोळा लागला तरी तिच्या तोंडून "मामा म्हणतात" निघायचं.

आता आणखी दोन कयाक शनिवारी येणार होत्या आणि रविवारी पाहुण्यांची पहिली टोळी. रामेश्वर म्हणे, अशीच पिवळी वल्ही आणखी मागवू. मामा म्हणे, सूनबाई, त्याला म्हणावं, लाकूड पडलंय, खर्चा कशाला? मग शालूनं चाचणीचा विडा उचलला. खरं सांगायचं, तर कुठलं वल्हं जिंकतं याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. दोघांनी एकमेकांशी बोलावं आणि आपल्याला मधून उठू द्यावं, एवढीच तिची इच्छा होती.

"नियम एकच," ती शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली. "सगळं सारखं ठेवायचं, फक्त वल्हं बदलायचं. कयाक तीच, पाणी तेच, या काठापासून त्या काठापर्यंतचं अंतर तेच, वल्हवणारा माणूस तोच. मग जो फरक पडेल तो वल्ह्याचा. पटलं?"

"बराबर," रामेश्वर म्हणाला.

"सूनबाई, माझंबी बराबर," मामा म्हणाले.

"माणूस कोन?" गोपिकाबाईंनी विचारलं.

रामेश्वर उठायला लागला, तसे मामा खोकले. ते खोकणं सगळ्यांना कळलं. मग सगळ्यांच्या नजरा शालूच्या भावाकडे, कल्याणकडे वळल्या. तो भाचीला झबलं घेऊन आला होता आणि संध्याकाळच्या गाडीनं जाणार होता. विहिरीत पोहलेला, अंगानं दणकट, गावातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारा.

"हा तिऱ्हाईत!" शालू आनंदानं म्हणाली. "याला ना याचं, ना त्याचं."

कल्याणनं दाजींकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि झबल्याची पिशवी उगाच पुन्हा बांधली. पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

झोळी उचलून शेततळ्याच्या बांधावरच्या निंबाला बांधली. गोपिकाबाई दोरी धरून बसल्या. तळ्यात पाणी शांत, वारा नावाला. तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकच्या काळ्या कागदावर चढायला-उतरायला दोर सोडलेला. रामेश्वरनं मोबाईलवर घड्याळ लावलं. कल्याणनं लाइफ जॅकेट चढवलं. शालू हात वर करून "तयार?" म्हणणार, एवढ्यात गोपिकाबाईंचा आवाज आला.

"थांबा! नवी वस्तू पान्यात जायाची अन् हळद-कुकू न्हाई?"

त्यांनी कनवटीची पुडी काढली आणि निंबाच्या वल्ह्याला बोटं ओढली. लाकडावर कुंकू कसं छान बसलं! मामांची मान नकळत ताठ झाली.

"अन् माझ्याला, माय?" रामेश्वर म्हणाला.

"ते पार्सलचं हाय."

"पार्सलचं म्हंजी काय बेवारस हाय का?"

"बरोबर आहे," शालू म्हणाली. "सगळं सारखं म्हणजे सारखं. पूजा झाली तर दोघांची."

पण प्लास्टिकला कुंकू धरेना. बोट ओढलं की नुसती गुलाबी रेघ. गोपिकाबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. दुर्वाच्या टाळूला लावायच्या तेलाची बाटली झोळीशीच होती. त्यांनी तेलाचा हात पात्यांवरून फिरवला, दांड्यावरून फिरवला, वर कुंकू दाबलं. पिवळं वल्हं अगदी न्हाऊनमाखून तयार झालं.

कल्याणनं ते घेतलं, पहिला हात मारला, आणि वल्हं हातातल्या हातात गर्रकन फिरलं! दुसरा हात मारला, तसं ते सुटून मांडीवर आलं. पपई तळ्याच्या मधोमध जात्यासारखी फिरायला लागली. कल्याण मध्ये, कुंकवानं लालभडक झालेले हात वर करून, "दाजी, धरनं जमून राह्यलं न्हाई!"

"ही कसली टेस्ट?" रामेश्वर ओरडला. "माझ्या वल्ह्याला तेल अन् त्या वल्ह्याला न्हाई!"

"सूनबाई, त्याला म्हणावं, त्याच्याच मायनं लावलंय. मी न्हाई."

"हात्तिच्या! एवढंच ना?" असं म्हणत गोपिकाबाईंनी उरलेलं तेल निंबाच्या वल्ह्याला चोपडलं. "घ्या! झालं सारखं!"

शालूनं कपाळाला हात लावला. मग दोन्ही वल्ही राखेनं घासली, दोन्ही सारखी धुतली, दोन्ही सारखी उन्हात ठेवली. एवढ्यात झोळीतून "ऊं" असा आवाज आला. पाचही माणसं जागच्या जागी पुतळे झाली. रामेश्वरच्या हातातली बादली अर्धी वाकडी तशीच राहिली. दुर्वानं कूस बदलली, ओठ चोखले आणि पुन्हा झोपली. बादलीनं श्वास सोडला.

"जल्दी करा," शालू कुजबुजली.

यावेळी पिवळं वल्हं सपसप चाललं. कल्याण पल्याडच्या काठाला लागला, रामेश्वरनं घड्याळ थांबवलं आणि हसला. आता निंबाचं. कयाक खेचून आणली, कल्याण बसणार, तर गोपिकाबाई डबा उघडून उभ्या! बाजरीचे धपाटे, दही, ठेचा.

"आत्या, आत्ता नको," शालू सासूला म्हणाली. "मध्येच खाल्लं तर—"

"सुनंचा भाऊ दारात आलाय, पान्यात ढकलून राह्यलात त्याला, अन् वरून उपाशी? लोक काय म्हंतील? खा रे बाबा."

कल्याणनं एक धपाटा खाल्ला. मग आग्रहाचा. मग "दही उरलंय" म्हणून. बहिणीच्या सासरच्या आग्रहाला भावानं नाही म्हणायचं नसतं, हे त्याला आईनं एसटीत बसवतानाच बजावलेलं. मग तो निंबाचं वल्हं घेऊन निघाला. कयाक जरा जास्तच पाण्यात बसली होती. मध्येच त्याला एक ढेकर आला आणि त्या ढेकरापायी दोन हात हुकले. निंबाचं वल्हं बरंच मागं पडलं.

 मामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, त्याचं वल्हं उपाशी पोटी, अन् माझ्या नशिबी एवढे धपाटे. तूच सांग."

त्यांचं म्हणणं विज्ञानाला धरून होतं! शालूला ते इतकं आवडलं, की मामा वर्गात असते तर तिनं त्यांना पुढं बोलावून पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

"मामांचं बरोबर आहे. ती फेरी रद्द. आता दोन्ही वल्ही भरल्या पोटी. आणि आत्या, डबा बंद!"

पुन्हा पिवळं. पुन्हा निंबाचं. आणि काय आश्चर्य, दोन्हींना अगदी सारखा वेळ!

"वा!" शालू म्हणाली. पुन्हा एक-एक फेरी घेतली. पुन्हा सारखा! रामेश्वरनं घड्याळ कानाला लावून बघितलं, जणू मोबाईल टिकटिकतो. मामांनी टोपी सरळ केली. आणखी एक-एक फेरी. सारखा. अगदी तांदूळ निवडल्यासारखा सारखा.

शालूचा आनंद मात्र हळूहळू उतरायला लागला. शाळेत दोन पोरांची उत्तरं जुळली की तिला बरं वाटायचं, पण अख्ख्या वर्गाची जुळली की ती सगळ्यांना उभं करायची. तिनं कल्याणकडे नीट बघितलं. तो पाण्यातून येताना ओठ हलवत होता. पिवळं वल्हं हातात असताना आरामात, निंबाचं असताना दात-ओठ खात. पण ओठ दोन्ही वेळेला हलत होते!

तिनं त्याला मोसंबीच्या झाडामागं ओढलं.

"काय पुटपुटतोस रे?"

"काही न्हाई."

"कल्याण्या!"

"आरती," तो खाली बघत म्हणाला. "मनात आरती म्हनतो. पहिल्या कडव्याला निघायचं, शेवटच्या कडव्याला काठ. पखवाजावर बसून बसून अंदाज येतो, ताई. कुठलं बी वल्हं द्या, ताल सुटायचा न्हाई."

"अरे पण कशाला? मी इथं जीव तोडून टेस्ट घेऊन राह्यले!"

कल्याणनं मोसंबीचं एक पान तोडलं, चुरगळलं. "पहिल्यांदा मामाचं वल्हं मागं पडलं, तव्हा त्यांचं तोंड पाह्यलं का तू? अन् आता मी जोर लावून त्यांचं पुढं काढलं, तर दाजी नाराज. मी काय, सांजच्याला गाडीत बसंन. तुला हितंच ऱ्हायचंय ना."

 हाच पोरगा लहानपणी शालूच्या वाटच्या शेंगा खाऊन टरफलं तिच्याच दप्तरात टाकायचा. तिनं त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

"अन् धपाटे बी चांगले होते," तो म्हणाला. "एवढं खाल्ल्यावर कुनाला हरवावं वाटत न्हाई."

तर, वल्हवणारा माणूस बाद! राहिलं कोण? मामांचे गुडघे, रामेश्वर पक्षकार, आणि गोपिकाबाई पपईत बसायच्या तयारीच्या नव्हत्या.

"मी बसते," शालू म्हणाली.

"तू?" तिघं एकदम म्हणाले. तिघांत नवरा आणि सासरे दोघंही होते, आणि बऱ्याच दिवसांनी ते एकाच वेळी एकच शब्द बोलले होते. शालूनं ते टिपून ठेवलं.

"विहिरीत मीच याला पोहायला शिकवलं. द्या ते जॅकेट."

आधी तिनं निंबाचं वल्हं घेतलं. काठ सुटला, पाण्याचा गार वास आला आणि दोन-चार हात मारल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्या कडेवर कुणी नाही. केस ओढणारी मूठ नाही, खांद्यावर लाळ नाही. मध्ये बसून निरोप पोचवायचे नाहीत. मामांनी गालाला लावून लावून घासलेला दांडा हाताला कसा ऊबदार लागत होता! निंबावरचा कावळा पाण्यात उलटा दिसत होता. तिला वाटलं, हे तळं दुधना धरणाएवढं असतं तर! मग लगेच वाटलं, नको, दुर्वा फार लांब राहील. एवढंच बरं. वेळ लागला तो लागला. रामेश्वरनं घड्याळ थांबवलं, मामांनी मान डोलावली.

मग परतीच्या फेरीला पिवळं वल्हं; कल्याण बांधानं पल्याड येऊन वल्हं बदलून गेला. तेही हलकं, झकास. पाचेक हात मारले असतील, तोच बांधावरनं आवाज आला.

"ऊं... ऊंऽऽ... आंऽऽऽ!"

दुर्वा उठली.

साधी उठली नाही. शेजारच्या वावरातली टिटवी उडाली, अशी उठली! गोपिकाबाई झोळी हलवून राहिल्या, कल्याण पखवाजाचे बोल तोंडानं म्हणून राहिला, पण दुर्वाला आई पाहिजे होती आणि आई पाण्याच्या मधोमध, पपईत.

शालूच्या डोक्यातलं सगळं विज्ञान एका क्षणात विरघळलं. माणूस तोच, अंतर तेच, काय तेच, कशाचं काय! "आले गं माझी बाय, आले!" असं ओरडत ती पुढं वाकली आणि दोन्ही हात पाण्यात घातले. डावा, उजवा, डावा, उजवा! पाणी असं उडत होतं, की बांधावरून कयाक दिसेचना, नुसतं एक तुफान येताना दिसत होतं. पपई काठाच्या कागदावर सपकन अर्धी चढली. शालूनं दोराकडे बघितलंसुद्धा नाही. पालीसारखी चारी हातापायांनी सरसरत वर आली, झोळीतून लेक उचलली आणि निथळत्या जॅकेटसकट छातीशी धरली. दुर्वा लगेच गप्प. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. एक मूठ केसांत गेलीसुद्धा.

रामेश्वरच्या बोटानं सवयीनं घड्याळ थांबवलं होतं. त्यानं आकडा बघितला. डोळे चोळून पुन्हा बघितला.

"ए शालू! आजच्या दिवसात सगळ्यात जल्दी! कल्याणपेक्षा जल्दी! जिंकलं! पिवळं जिंकलं! सांग बापूला!"

शालू काही सांगायच्या आत मामांनी हात लांब करून तळ्याकडे बोट दाखवलं.

तळ्याच्या मधोमध पिवळं वल्हं तरंगत होतं. एकटंच. अगदी निवांत, जेवण करून लवंडलेल्या पाहुण्यासारखं.

सगळ्यांनी वल्ह्याकडे बघितलं. मग शालूच्या हातांकडे बघितलं.

"आवं पर, मंग ही आली कशानं?" गोपिकाबाई म्हणाल्या.

 आणि मग मामा हसले. आधी पोट हललं, मग टोपी हलली, मग ते बांधावर बसूनच हसायला लागले.

"अरे रामेश्वरा," ते म्हणाले, "तुझं वल्हं तं झोपलंय की रे पान्यात!"

'सूनबाई' नाही. 'त्याला म्हणावं' नाही. सरळ नाव घेऊन! शालूनं दुर्वाच्या टाळूवर ओठ ठेवले आणि जराही हलली नाही. पोर झोपलेलं असताना हलत नाहीत, तशी.

 रामेश्वर कान खाजवत म्हणाला, "बापू, द्या मंग तुमचं. झोपल्याला उठवून आणतो."

"धर. मधी धर. टोकाला न्हाई, मधी!"

रामेश्वर निंबाचं वल्हं घेऊन तळ्यात उतरला. मामा गुडघे विसरून बांधानं बरोबर चालायला लागले आणि मेंढरं वळवावीत तसे ओरडायला लागले. "डाव्या अंगानं घे! हुर्र! अरे पाठीमागून घाल, बिचकतंय ते! आता हळू... हळू... धर!"

वल्हं धरलं. परत येऊन रामेश्वरनं निंबाचं वल्हं बापाच्या हातात दिलं आणि दांड्यावरून एकदा अंगठा फिरवला. "पकड लई गोड हाय, बापू. धोपाटनं म्हनलो, चुकलं माझं."

 मामांनी पिवळं वल्हं उचलून तोललं, गालाला लावून बघितलं. "हे बी काही वाईट न्हाई. फुलावानी हलकं. बायालेकरांसाठी हेच बरं."

"न्हाई बापू, तुमचंच ठिवू. पाव्हण्यांना लाकडाचं आवडतं."

"अरे पर जड हाय ते! मी केलंय, मला ठाव न्हाई का?"

"काही जड न्हाई! मी आत्ता चालवून आलो!"

"तुला काय कळतं?"

"तुम्हाला काय कळतं?"

आवाज चढत गेले. दोघं एकमेकांच्या वल्ह्याची बाजू घेऊन इतके भांडायला लागले, की दुर्वा टकामका बघायला लागली. इतक्या दिवसांचं साचलेलं बोलणं होतं ते, थोडक्यात थोडंच आटपणार? शालूला क्षणभर, अगदी क्षणभर, अबोला बरा होता असं वाटून गेलं. तेवढ्यात मामांना आठवलं, की चाचणी अजून अर्धवट आहे.

"सूनबाई, टेस्ट म्हंजी टेस्ट. त्याच्या वल्ह्याच्या येळेला लेकरू रडलं. माझ्या येळेला झोपलेलं होतं. सगळं सारखं पाह्यजे म्हनलीस ना?"

"म्हंजी?" गोपिकाबाईंनी नातीला सुनेच्या हातून उचलून घेतलं. "आता माझ्या लेकराला पुन्हा रडवता का काय?"

"थोडंसं," मामा म्हणाले.

सगळ्यांनी दुर्वाकडे बघितलं. मामांनी मिशी फुगवून, डोळे वटारून तिला भेवडावून बघितलं. दुर्वा खदखदून हसली. रामेश्वरनं "ब्बॉ!" केलं, तर तिनं त्याचं नाक धरलं. कल्याणनं भसाड्या आवाजात गाऊन बघितलं. त्यावर तिनं टाळ्या वाजवल्या. पोर काही केल्या रडेना.

कल्याणनं हळूच डब्याचं झाकण उघडलं. "ताई, आता टेस्ट बंद ना? मंग हे उरलेलं..."

"अन् पाव्हणे?" रामेश्वर वल्ही खांद्यावर टाकत म्हणाला. "रविवारी त्यांच्या हातात द्यायचं काय? अजून काहीच ठरलं न्हाई!"

गोपिकाबाईंनी नातीचं नाक पदरानं पुसलं.

"वल्हं काही बी द्या," त्या म्हणाल्या. "नसलं तरी चालतंय. ज्याचं त्याचं लेकरू तेवढं काठावर धरून ठिवा. माय आपोआप येती."

शालू ओल्या ओढणीनं हात पुसत होती. दुर्वा उठायच्या आत निकाल लावते, असं ती म्हणाली होती खरी. पण दुर्वा उठली, तेव्हा कुठं तो लागला. आणि एवढं करून निकाल काय, तर आईला वल्हं लागत नाही. हे काय तिला आधी माहीत नव्हतं?